कॅटमध्ये ८१ पर्सेंटाइल आले, पुढच्या खेपेला ९७ च्या पुढे जाता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मूळचा सांगलीकडचा. दहावीपर्यंत सेमी-इंग्लिश, मग मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आता दोन वर्षं पुण्यात आयटीत नोकरी. वर्षभर क्लास करून कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या एमबीए संस्थांची प्रवेश परीक्षा, दिली. एकूण ८१ पर्सेंटाइल आले. विभागवार पाहिलं तर इंग्रजीत (व्हीएआरसी) ५८, डीआयएलआरमध्ये (आकडेवारी आणि तर्काचे प्रश्नसंच) ९०, गणितात ८३. इंग्रजीत २४ पैकी २२ प्रश्न सोडवले, त्यातले आठ बरोबर निघाले. पुढच्या वर्षी ९७ च्या वर जायचं आहे. त्याचे प्रश्न तीन: नोकरी सोडू का, दुसरा मोठा क्लास लावू का, आणि माझ्यासारख्याचं इंग्रजी या वयात सुधारतं का?

उत्तरंही आधीच देऊन टाकतो: नोकरी सोडू नका, नवा क्लास लावू नका, आणि हो, सुधारतं. आता कारणं.

८१ हा आकडा घरी सांगताना तुम्हाला अवघड गेलं असेल, कारण दहावीला ८१ टक्के म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि पर्सेंटाइल कुणाला समजावत बसायचं? २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली होती. तेवढ्यांत ८१ म्हणजे जवळपास ५५ हजार मुलं तुमच्या पुढे. ९७ म्हणजे पावणेनऊ हजारांच्या आसपास पुढे. एवढ्यावर थांबलात तर धडकीच भरेल. पण हाच फरक गुणांत मोजा. अलीकडच्या वर्षांत ८० आणि ९७ पर्सेंटाइलमधलं अंतर ढोबळमानाने तीस-पस्तीस गुणांचं राहिलं आहे. बरोबर उत्तराला तीन गुण, म्हणजे तिन्ही विभाग मिळून दहा-बारा उत्तरं. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो हे धरलं तर त्याहूनही कमी. दहा प्रश्नांसाठी अख्खा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून करायची गरज नसते. कमी गुण पडले की बहुतेक मुलं नेमकं तेच करतात: नवी पुस्तकं, नवा क्लास, पहिल्या धड्यापासून श्रीगणेशा. पुढच्या खेपेला निकाल दोन-चार पर्सेंटाइल इकडे-तिकडे. मी पुण्यात बरीच वर्षं हे शिकवतोय आणि दरवर्षी जानेवारीत हीच वरात बघतो.

तेव्हा सुरुवात जुन्या पेपरापासून करा. परीक्षेनंतर कॅटच्या संकेतस्थळावर तुमची उत्तरपत्रिका मिळते, म्हणजे प्रत्येक प्रश्न आणि त्याला तुम्ही दिलेलं उत्तर. तुम्ही ती बहुधा बरोबर-चूक मोजण्यापुरती उघडली आणि मग त्या पीडीएफचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. आता ती छापून घ्या आणि एका रविवारी घड्याळ न लावता सगळा पेपर परत सोडवा. मग बरोबर आलेले प्रश्न बाजूला ठेवून उरलेल्यांचे तीन गठ्ठे करा. पहिला, येत होतं पण चुकलं. दुसरा, येत नव्हतंच, तरी हात घातला. तिसरा, आलं असतं, पण तिथपर्यंत पोचलोच नाही.

याचा उपयोग काय ते गणितातल्या एका प्रश्नावर दाखवतो. कॅटच्या जातीचाच प्रश्न आहे: अ आणि ब पूर्णांक आहेत आणि अ×ब + अ + ब = ३४, तर (अ, ब) च्या किती जोड्या मिळतील? दोन्ही बाजूंना १ मिळवला की डावीकडे (अ+१)(ब+१) होतं आणि उजवीकडे ३५. आता ३५ चे अवयव १, ५, ७, ३५. वर्गात हा प्रश्न दिला की तीन उत्तरं येतात. एक गट म्हणतो २, कारण त्यांनी अ आणि ब नैसर्गिक संख्या धरल्या आणि (४, ६), (६, ४) एवढंच मोजलं. दुसरा गट म्हणतो ४. त्यांनी शून्य धरला, म्हणून (०, ३४) आणि (३४, ०) याही जोड्या आल्या. बरोबर उत्तर ८, कारण पूर्णांकात ऋण संख्याही येतात आणि (−५)×(−७) सुद्धा ३५ च होतात. चौथा गट गप्प असतो, त्यांना १ मिळवायचं सुचलेलं नसतं.

आता बघा, २ आणि ४ म्हणणाऱ्यांना बीजगणित शिकवणं म्हणजे वेळ घालवणं. त्यांना गणित आलंय, प्रश्नातला ‘पूर्णांक’ हा शब्द निसटलाय. त्यांचा इलाज असा की कच्च्या कागदावर सर्वांत आधी अट लिहायची, मग समीकरण. गप्प बसलेल्यांना मात्र खरंच अवयव पाडण्याची रीत शिकायची आहे. दोघांनाही या प्रश्नात एकही गुण नाही, दोघांचंही पर्सेंटाइल ८३, आणि क्लासवाले दोघांनाही तीच पन्नास तासांची व्हिडिओंची माळ विकणार. म्हणून म्हणतो, क्लासचे पैसे वाचवा. ज्यांचा दुसरा गठ्ठा फार मोठा निघतो, ज्यांना टक्केवारी आणि गुणोत्तर इथपासूनच अडतं, त्यांनी जरूर क्लास लावावा. गणितात ८३ आणि डीआयएलआरमध्ये ९० असलेल्या माणसाचा तो गठ्ठा तेवढा मोठा निघत नाही. तुमच्यासाठी एक चांगली मॉक (म्हणजे सराव परीक्षांची) मालिका आणि जुने पेपर पुरे आहेत.

आता इंग्रजीकडे वळू. तुमचं सगळं दुखणं तिथेच आहे.

आधी हिशेब. २२ प्रश्न सोडवले, आठ बरोबर. समजा त्यातले चार टिटा होते, म्हणजे पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे. टिटात चुकलं तरी गुण कापत नाहीत. चारातला एक बरोबर आला असं धरू, म्हणजे तीन गुण. उरलेल्या अठरांत सात बरोबर, अकरा चूक: २१ वजा ११, म्हणजे १०. एकूण १३. त्या अकरांतले पाच, ज्यांत तुम्ही नुसता अंधारात बाण मारलात, ते नुसते सोडून दिले असते तर १८ झाले असते. इंग्रजी तेवढंच, आणि गुणांत पाचांची भर. सगळे प्रश्न सोडवलेच पाहिजेत हा हट्ट बोर्डाच्या परीक्षेतून आपल्यात मुरलेला असतो. तिथे कोरी जागा सोडणं पाप. कॅटमध्ये ती सोडता यावी लागते. फक्त टिटा प्रश्न कधीही कोरा ठेवू नका.

पण नुसतं सोडून भागणार नाही, वाचन वाढवावंच लागेल. २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवर असतात: चार उतारे, प्रत्येकी चार प्रश्न, उतारा साधारण पाचशे शब्दांचा. उरलेले आठ परिच्छेदाचा सारांश, वाक्यं क्रमाने लावणं, विजोड वाक्य ओळखणं, सुटलेलं वाक्य कुठे बसतं ते सांगणं अशा प्रकारचे. सेमी-इंग्लिशमधून आलेल्या मुलांना वाटतं की आपला शब्दसंग्रह कमी पडतो, म्हणून ते शब्दांच्या याद्या पाठ करतात. कॅटमध्ये शब्दांचे अर्थ थेट विचारणं केव्हाच मागे पडलंय. तुम्ही अडता त्याचं कारण निराळं आहे. तुम्ही आयुष्यात इंग्रजीतून गणित, विज्ञान, यंत्रशास्त्र वाचलंत, ऑफिसात ईमेल वाचता. एखादा माणूस पाचशे शब्द एक मुद्दा घोळवत जातो, मध्येच दुसऱ्याचं मत मांडतो, मग ते खोडतो, असं गद्य इंग्रजीत फारसं वाचलेलंच नाही. मराठीत वाचलं असेल, अग्रलेख, दिवाळी अंकातले लेख. ते कौशल्य तुमच्याकडे आहे, ते इंग्रजीत न्यायचंय एवढंच.

यासाठी मी मुलांना करायला लावतो ते सांगतो. रोज दोन लेख, इंग्रजीतले, मोठे, आणि मुद्दाम न आवडणाऱ्या विषयांवरचे: तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र. ‘एऑन’ सारख्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्रिकेट आणि स्टार्टअपवरचं तुम्ही तसंही वाचताच. लेख एकदाच वाचायचा, अडलेल्या शब्दासाठी थांबायचं नाही. वाचून झाला की तो झाकायचा आणि वहीत मराठीत दोन वाक्यं लिहायची. पहिलं, लेखकाचं म्हणणं काय. दुसरं, तो कुणाचं म्हणणं खोडतोय. मराठीतच का, असं मुलं विचारतात. इंग्रजीत लिहिलं की लेखातलेच शब्द उचलून वाक्य तयार होतं आणि आपल्याला समजलं असा भास होतो. मराठीत लिहायचं तर समजावंच लागतं. पहिले दोन-तीन आठवडे ही दोन वाक्यं लिहिताना घाम फुटेल. महिन्या-दोन महिन्यांनी हात बसतो, आणि तेव्हा कुठे उताऱ्यांच्या सरावाला अर्थ येतो.

दुसरं काम पर्याय वाचण्याचं. उतारा समजूनही उत्तर चुकतं, ते इथे. उदाहरणासाठी एक उतारा मराठीत सांगतो. लेखक म्हणतो: सार्वजनिक ग्रंथालयं ओस पडली याचा दोष लोक मोबाइलला देतात. पण नगरपालिकांनी ग्रंथालयाकडे फक्त पुस्तकं देण्या-घेण्याची खिडकी म्हणून पाहायला सुरुवात केली, तेव्हापासूनच माणसं कमी होऊ लागली होती. बसायच्या खुर्च्या गेल्या, वर्तमानपत्रांची टेबलं गेली, संध्याकाळची वेळ आखडली. मोबाइल आला तो या सगळ्यानंतर.

प्रश्न: लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता? पहिला पर्याय: मोबाइलमुळे वाचनाची सवय मोडली आणि ग्रंथालयं ओस पडली. दुसरा: ग्रंथालयं वाचवायची तर त्यांचा कारभार नागरिकांच्या हाती द्यायला हवा. तिसरा: ग्रंथालयांच्या घसरणीत मोबाइलचा काहीही वाटा नाही. चौथा: बसण्या-थांबण्याची जागा म्हणून ग्रंथालयाला असलेलं स्थान गेलं आणि घसरण तिथून सुरू झाली.

पहिल्यात खोडलेलं मत लेखकाच्या तोंडी घातलंय. दुसरं ऐकायला चांगलं आहे, पण लेखकाने उपाय सुचवलेलाच नाही. या दोघांना बहुतेक मुलं फसत नाहीत. खरा सापळा तिसरा. लेखक मोबाइलला मुख्य कारण मानत नाही हे खरं, म्हणून ‘काहीही वाटा नाही’ हेही खरं वाटून जातं. पण मोबाइल नंतर आला एवढंच तो म्हणाला, त्याने काहीच बिघडवलं नाही असं नाही म्हणाला. उत्तर चौथं. त्यात उताऱ्यातलं एकही ठळक वाक्य जसंच्या तसं नाही, म्हणून ते परकं वाटतं आणि सुटतं. तुमचे ते अकरा चुकलेले प्रश्न घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: मी निवडलेला पर्याय यातल्या कोणत्या जातीचा होता? विरुद्ध मत, उताऱ्याबाहेरचं, की वाजवीपेक्षा जास्त ताणलेलं? माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त शेवटच्या जातीचे निघतील. इंजिनिअर मुलांना ठाम वाक्यं आवडतात.

वेळेचं म्हणाल तर विभागाला ४० मिनिटं मिळतात आणि ती संपली की विभाग बंद. उरलेला वेळ दुसरीकडे नेता येत नाही. चारही उतारे आणि आठही प्रश्न असा आग्रह तुम्ही या वर्षी धरू नका. सुरुवातीला चारही उताऱ्यांचा पहिला परिच्छेद चाळा, सर्वांत जड वाटेल तो बाजूला ठेवा. तीन उताऱ्यांना प्रत्येकी नऊ मिनिटं, म्हणजे २७, उरलेली १३ त्या आठ प्रश्नांना. बारा उतारा-प्रश्नांत आठ बरोबर, तीन चूक, एक सोडला: २१ गुण. आठांत तीन बरोबर आणि दोनांत एकेक गुण गेला: ७ गुण. एकूण २८. म्हणजे १३ चे २८, एक उतारा हात न लावता. हे आकडे मुद्दाम माफक धरलेत.

डीआयएलआरवर मी फार लिहीत नाही, ९० आहेत आणि ती तुमची जमेची बाजू आहे. एकच गोष्ट. २०२४ ला इथे २२ प्रश्न पाच संचांत होते, तीन संच चार-चार प्रश्नांचे, दोन पाच-पाचांचे. इथे निकाल लागतो पहिल्या पाच-सहा मिनिटांत, संच निवडण्यात. तुम्ही बहुधा पहिला संच उघडून थेट सोडवायला बसता. त्याऐवजी पाचही वाचा. माहिती किती पक्की दिली आहे ते बघा: थेट आकडे आणि नावं जास्त, तर संच लवकर उलगडतो. ‘किमान किती’, ‘जास्तीत जास्त किती’ असे प्रश्न जास्त असतील तर तो मोकळा सुटलेला संच आहे, नंतर बघा. दहा मिनिटं झाली आणि तक्ता भरत नसेल तर उठा तिथून. ‘एवढा वेळ घातलाय तर आता सोडवूनच दाखवतो’ या जिद्दीने जितके पर्सेंटाइल बुडवलेत तितके कुठल्याच अवघड गणिताने बुडवले नसतील.

सरावाला २०१७ ते २०१९ चे पेपर काढा. तेव्हा परीक्षा तीन तासांची होती, विभागाला तासभर, आणि डीआयएलआरमध्ये चार-चार प्रश्नांचे आठ संच असायचे. वर्षाला दोन सत्रं, म्हणजे त्या तीन वर्षांचेच ४८ संच होतात आणि ते मॉकवाल्यांच्या संचांपेक्षा कसदार आहेत. फक्त त्या पेपरांची वेळ आजच्या परीक्षेला लावू नका. २०२० पासून दोन तासांचा पेपर झालाय.

गणितात २२ प्रश्न. सर्वांत जास्त प्रश्न अंकगणितावर येतात, त्याखालोखाल बीजगणितावर, भूमिती तीन-चार प्रश्नांची. मुलं उलटं करतात, क्रमचय-संचय आणि संभाव्यतेवर महिने घालवतात, कारण ते अवघड वाटतं, आणि काळ-काम-वेग ‘येतंच’ म्हणून सोडून देतात. परीक्षेत ते ‘येतंच’ वालं तीन मिनिटं खातं. टक्केवारी, गुणोत्तर, मिश्रण, सरासरी, वेग, नफा-तोटा, व्याज हे कागद-पेन्सिल जवळजवळ न लागता सुटेपर्यंत करा. परीक्षेत पडद्यावर साधं कॅल्क्युलेटर असतं, पण त्याच्यावर आकडे टिचकत बसणाराच मागे पडतो. पेपर दोन फेऱ्यांत सोडवा: पहिल्या वीस-बावीस मिनिटांत सगळे २२ प्रश्न वाचून झाले पाहिजेत, वाट लगेच दिसली ते सोडवत, बाकीच्यांवर खूण करत. तुमचा तिसरा गठ्ठा, पोचलोच नाही वाला, यानेच रिकामा होईल. सोपे प्रश्न पेपरात कुठेही असतात, विसावा सोपा आणि तिसरा भयंकर असं सर्रास होतं.

आता नोकरी. ती सोडण्याचा मोह जानेवारीत होतो, कारण निकाल ताजा असतो आणि मॅनेजर नेहमीपेक्षा जास्त डोक्यात जात असतो. पण पुढे मुलाखतीत ‘हे वर्ष काय केलं?’ या प्रश्नाला ‘कॅटचा अभ्यास’ हे उत्तर लंगडं पडतं आणि अनुभवाचे महिने बऱ्याच संस्था गुणांत धरतात. शिवाय घरी बसून दिवसाला दहा तास अभ्यास होतो हा निव्वळ भ्रम आहे. चार होतात, बाकीचे सहा तास अपराधी वाटण्यात जातात. नोकरी करून रोज दीड-दोन तास आणि शनिवार-रविवारी चार-पाच तास एवढं पुरतं. एप्रिलपर्यंत वाचन आणि अंकगणित, मग ऑगस्टपर्यंत विभागवार चाचण्या आणि जुलैपासून पंधरा दिवसांनी एक मॉक, सप्टेंबरपासून आठवड्याला एक. यापेक्षा जास्त मॉक देऊ नका. मॉक दोन तासांची, पण तिची चिरफाड करायला चार-पाच तास लागतात, वर सांगितलेल्या तीन गठ्ठ्यांसकट. ती चिरफाड होत नसेल तर मॉक म्हणजे नुसता आकडा बघून मूड घालवून घेण्याचा उद्योग.

आणि मॉक रात्री अकराला देऊ नका. नोकरीवाले हमखास तेव्हाच देतात. अलीकडे कॅट सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार अशा तीन सत्रांत होते आणि सत्र तुम्हाला निवडता येत नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी या तिन्ही वेळा आलटून-पालटून धरा. जेवून दुपारी साडेबाराला उतारे वाचणं हा काय प्रकार असतो ते आधी एकदा कळलेलं बरं.

आपल्याकडची एक अडचण कुठल्याच टाइमटेबलात नसते. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, आणि तिच्या आधीचे तीन महिने म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी. घरी सांगलीला गेलात की आठवडा हातचा गेला म्हणून समजा. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, आई ऐकणारही नाही. पण ते दिवस आधीच वजा करून बेत आखा आणि तिथे फक्त वाचन चालू ठेवा, मॉक नको. परीक्षेच्या आधीच्या आठवड्याची रजा ऑगस्टमध्येच टाकून ठेवा. दिवाळीनंतर लगेच पुन्हा रजा मागितली की कपाळाला आठ्या पडतात.

९७ आल्यावर काय, हेही आत्ताच माहीत असू द्या. खुल्या गटातल्या इंजिनिअर मुलाला अहमदाबाद, बंगळुरू, कलकत्ता इथून बोलावणं येण्यासाठी साधारण ९९ च्या पुढेच जावं लागतं, आणि दहावी-बारावी-पदवीचे गुणही मोजले जातात. काही संस्था मुलींना आणि बिगर-इंजिनिअरांना जादा गुण देतात. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही, नियम जाहीर असतात. ९७ च्या आसपास नव्या आयआयएमची दारं किलकिली होतात. आपल्या राज्यात २०१५ ला सुरू झालेलं आयआयएम नागपूर आहेच. पवईचं निटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झालंय, पण त्याचा भाव जुनाच, म्हणजे चढा आहे. लक्षात ठेवायची गोष्ट ही की आयआयएम विभागवारही किमान पर्सेंटाइल मागतात. गणित ९९, डीआयएलआर ९९ आणि इंग्रजी ५८ असं कितीही चांगलं एकूण घेऊन गेलात तरी दारातूनच परत. म्हणूनही इंग्रजी आधी.

कॅटच्या जोडीला डिसेंबरची स्नॅप (सिंबायोसिसची प्रवेश परीक्षा) आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी होणारी झॅट (एक्सएलआरआयची) द्याच. वेगळ्या तयारीची फारशी गरज पडत नाही, झॅटचा निर्णयक्षमतेचा भाग तेवढा जुन्या पेपरांवरून करून घ्या.

आणि पुढच्या नोव्हेंबरच्या गप्पा मारताना तुम्ही या वर्षीची सीईटी विसरलात असं दिसतंय. राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न असतात: ७५ तर्कशक्तीचे, २५ आकृत्यांच्या तर्काचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. निम्मा पेपर तर्काचा, म्हणजे तुमच्या सर्वांत बळकट बाजूचा, आणि इंग्रजी फक्त पावभर. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुम्बा (पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग) ही नावं मुख्यतः या परीक्षेवर चालतात. बजाजला खुल्या गटातून ९९.९ च्या पुढे लागतात, बाकीची तेवढी कठोर नाहीत. फॉर्म भरा आणि पुढचे दोन महिने तर्काच्या प्रश्नांचा वेग वाढवण्यात घाला. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला ४५ सेकंद. फक्त एक जपा. इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेलं सोडून देण्याचं शास्त्र सीईटीला बिलकूल लावू नका. शेवटची पाच मिनिटं राहिली की जिथे असाल तिथे थांबा आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांना डोळे मिटून एकच पर्याय ठोकून द्या.